माळ्यावरचे फौजी



गेल्या खेपेला आपण डाळ-दाणा साठवण्यावर बोललो होतो. आजही साठवणीचीच गोष्ट आहे, पण धान्याची नाही, खेळण्यांची. हसू नका. प्रत्येकीच्या घरी माळ्यावर नाहीतर पलंगाखाली एक पेटी असते. तिच्यात पोरांच्या लहानपणचं काही ना काही ठेवलेलं असतं. पोरं मोठी झाली, कोणी सुरतला गेलं, कोणी पुण्याला, पेटी मात्र आपल्याकडेच राहिली. ती आपण फेकत नाही आणि उघडतही नाही.

माझ्या पेटीत फौजी होते. सात. उंची जेमतेम चार बोटं, पण हात-पाय, कोपर, गुडघे सगळं वळणारे. माझं माहेर अमळनेरचं. आखाजीला माहेरी गेलं की माझा भाऊ माझ्या मुलाच्या हातात एक फौजी ठेवायचा. तो मुंबईला कामाला होता, तिथून आणायचा. दरवर्षी एकच. सात आखाज्यांचे सात फौजी झाले. मुलगा ते उशाशी घेऊन झोपायचा. पुढे तो शिकायला बाहेर गेला तेव्हा मी ते फौजी धुतले, दिवसभर गच्चीवर कडक उन्हात वाळवले, प्लास्टिकच्या पिशवीत घातले, वरून रबर आवळलं, चार डांबर गोळ्या टाकल्या आणि पेटी पत्र्याच्या खोलीत माळ्यावर ठेवली. आपलं काम चोख, असं मला वाटलं.

भाऊ आता नाही. मागच्या आखाजीला मुलगा सुरतहून आला, सोबत पाच वर्षांची नात. म्हणाला, "आई, मामाचे फौजी आहेत ना गं?" मी म्हटलं, "आहेत की. जसेच्या तसे."

पेटी उतरवली. सातांपैकी पाच फौजी कमरेतून दोन तुकडे झालेले. नणंदेच्या मुलीची एक मऊ बाहुली त्याच पेटीत होती, ती पिशवीला आणि एका फौजीच्या पाठीला चिकटून बसली होती. रबर वितळून पिशवीवर तपकिरी डाग. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, म्हणाल्या, "हाई काय व्हई गयं वं माय!" मुलगा काहीच बोलला नाही. तो बोलला असता तर बरं वाटलं असतं.

मग मी विचारत सुटले. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका ताईंना विचारलं, गावातल्या पंप दुरुस्त करणाऱ्याला विचारलं, मुलाने फोनवर शोधून पाठवलेलं वाचलं. कळलं ते असं, की मी जे जे चांगलं म्हणून केलं, तेच नडलं. आपल्याला साठवणीचं शहाणपण आहे, पण ते धान्याचं आणि गोधडीचं. तूरडाळीला ऊन दाखवलं की कीड मरते, गोधडीला दाखवलं की कुबट वास जातो. म्हणून आपण सगळ्यालाच ऊन दाखवतो. प्लास्टिकला मात्र ऊन म्हणजे वैरी.

हे आपल्याला वेगळं शिकायची गरज नाही, शेतात रोज दिसतं. पांढरा पाइप दोन-चार वर्षं उघड्यावर पडला की पाय पडताच तडकतो. ठिबकची नळी मात्र काळी असते आणि उन्हात टिकते. का? तिच्यात काजळी मिसळलेली असते, ती ऊन आत शिरू देत नाही. खेळण्यात काजळी कुठून असणार? म्हणून पांढरं खेळणं पिवळं पडतं, लाल रंग विटतो, आणि एक दिवस फौजीचा अंगठा हातात येतो.

दुसरा वैरी उष्णता. ताईंनी ढोबळ हिशोब सांगितला. दहा अंश गरमी वाढली की अशा रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात. आता आपल्या भुसावळ-जळगावचा मे महिना आठवा. बाहेरच पारा पंचेचाळीसच्या आसपास, पत्र्याखाली माळ्यावर त्याहून जास्त. जुन्या धाब्याच्या घरातली आतली खोली त्या मानाने किती गार असते! खेळण्यांची पेटी तिथे हवी. धाबं नसेल तर घरातली सगळ्यात गार, कोरडी, मधली खोली. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका, पाटावर किंवा विटांवर ठेवा. पावसाळ्यात ओल खालूनच चढते.

आता त्या चिकट बाहुलीचं. मऊ बाहुली ज्या प्लास्टिकची असते ते मुळात कडकच असतं. पाण्याचा पीव्हीसी पाइप असतो ना, तेच. त्यात तेलासारखा पदार्थ मिसळला की ते मऊ होतं. वर्षं गेली, गरमी लागली, की ते तेल हळूहळू बाहेर यायला लागतं. म्हणून बाहुली चिकट होते, धूळ धरते आणि शेवटी आक्रसून कडक होते. पातळ पिशवीत गच्च गुंडाळली तर पिशवी ते तेल ओढून घेते. आणि मऊ बाहुली कडक खेळण्याला टेकून राहिली तर ते तेल कडक प्लास्टिकलाही मऊ करतं, त्यावर खड्डा पाडतं. माझ्या फौजीच्या पाठीवर तसाच एक वण आहे. तो जाणार नाही. डांबर गोळ्यांची वाफही काही प्लास्टिकांना मऊ करते, म्हणून त्या लोकरीच्या कपड्यांपुरत्याच.

फौजी कमरेतून का तुटले, ते मात्र वेगळंच निघालं, आणि ऐकून मला हायसं वाटलं. हे फौजी म्हणजे जी. आय. जो. मूळ अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीचे. तिने १९६४ साली हे पहिल्यांदा काढले, तेव्हा मुलगे बाहुली घेणार नाहीत म्हणून त्याला बाहुली न म्हणता 'ॲक्शन फिगर' असं नाव दिलं. बाहुलीच ती, नाव बदललं की झालं! १९८२ पासून ते आताच्या एवढे लहान झाले. आपल्याकडे टायरवाल्या एमआरएफने हॅस्ब्रोच्या साथीने १९८७ साली फनस्कूल सुरू केली, कारखाना गोव्यात. साचे अमेरिकेतून आलेले, पण रंग बऱ्याचदा इथलेच वेगळे. त्यामुळे गोव्यात बनलेले ते फौजी आज परदेशातले शौकीन लोक शोधून शोधून घेतात. अमळनेरच्या ओसरीवर चिखलात लोळलेल्या या फौजींना कुठे मागणी असेल, असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तर या फौजीच्या पोटात एक रबरी कडी असते, ओ-रिंग. तीच वरचं धड आणि खालचे पाय एकत्र धरून ठेवते. रबर सतत ताणलेलं असेल तर हवेने आणि गरमीने ते लवकर तडकतं. यात कंपनीचा दोष नाही, रबराचं आयुष्यच तेवढं. म्हणजे फौजी तुटलेला नसतो, त्याची कडी तुटलेली असते. फवारणी पंपाच्या वायसराचं आपण जे करतो तेच इथे करायचं.

मी केलं ते सांगते. फौजीच्या पाठीत एक बारीक स्क्रू असतो. बरोबर मापाच्या स्क्रू-ड्रायव्हरने तो हळूच काढला की छाती आणि पाठ वेगळी होते. डोकं आणि हात सुटतात, म्हणून हे ताटात बसून करा आणि आधी फोनवर फोटो काढून ठेवा. पायांच्या मध्ये एक छोटा हूक असतो. जुन्या रबराचे तुकडे चिमट्याने काढायचे, नवी कडी त्या हुकात अडकवायची, कमरेचा तुकडा मध्ये घालायचा आणि कडीचं वरचं टोक धडातल्या खुंटीला लावायचं. मग पाठ बसवून स्क्रू. पूर्ण आवळू नका, प्लास्टिक म्हातारं झालंय. पंपाच्या दुकानात जुन्या कडीचा तुकडा दाखवला आणि तीन-चार मापांच्या कड्या आणल्या. दोन जाड निघाल्या, एक सैल, एक नेमकी बसली. खर्च चहाएवढा. पाचांपैकी चार उभे राहिले. पाचव्याच्या पायांमधलं प्लास्टिकच चिरलं आहे. गोंद लावून बघायचा मोह झाला होता, पण आवरला. झटपट चिकटणारा गोंद पांढरे डाग पाडतो आणि सांधा कायमचा जाम करतो. त्याचे दोन तुकडे एकाच कापडात ठेवले आहेत. हातातल्या बंदुका काढून वेगळ्या पुडीत ठेवल्या, कारण मुठीत घट्ट बसवल्या की अंगठा तडकतो.

धुण्याचं थोडक्यात. कोमट पाणी, सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ फडकं किंवा दात घासायचा जुना, नरम ब्रश. राख नको, भांड्याची पावडर नको, रॉकेल, थिनर, नखांचा रंग काढायचं पाणी तर मुळीच नको, रंगासकट निघून येईल. आतल्या स्क्रूला पाणी लागू देऊ नका, गंजतो. सावलीत, पंख्याखाली वाळवा. पिवळेपणा घालवायला औषध लावून उन्हात ठेवायचे व्हिडिओ फिरतात. पांढरं होतं, खरं आहे. पण प्लास्टिक अजून कमजोर होऊ शकतं आणि पिवळेपणा बहुधा परत येतो. मी तर म्हणेन, पिवळं तर पिवळं.

गुंडाळायला जुन्या पांढऱ्या धोतराचं धुतलेलं सुती कापड सगळ्यात चांगलं. रंगीत साडीचा रंग मऊ प्लास्टिकमध्ये उतरतो आणि मग निघत नाही. वर्तमानपत्राची शाई उतरते. प्रत्येक खेळणं वेगळं गुंडाळा, मऊ बाहुलीला तर वेगळा डबाच द्या. रबर बँड कशालाच नको, सुती दोरा बांधा. चालणाऱ्या-बोलणाऱ्या खेळण्यांतले सेल आधी काढा, ते फुटून आतली तार खातात. बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी येते, ती पेटीत टाकायला चांगली, पण लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आजीच्या काळातली हलकी, पोकळ, कचकड्याची बाहुली कोणाकडे असेल तर तिची एक वेगळी खबरदारी आहे. जुना कचकडा बऱ्याचदा सेल्युलॉइडचा असतो, तो पटकन पेट घेतो. ती बाहुली बंद डब्यात कोंबू नका, दुसऱ्या खेळण्यांत मिसळू नका, चुलीपासून आणि देवाजवळच्या निरांजनापासून लांब, हवेशीर ठेवा.

महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांना यातलं बरंचसं लागू पडतं. शाडूच्या किंवा प्लॅस्टरच्या मुखवट्याला पाणी नको, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका. पितळी मुखवटा दरवर्षी चिंच लावून घासत बसलं की नाक-डोळे झिजतात. आमच्या जाऊबाईंच्या घरची धाकटी अशीच सपाट झाली आहे. चांदीचे डोळे, नथ रबराने बांधाल तर काळे पडतील, रबरात गंधक असतं. कानबाईच्या साजालाही तेच. गुलाबाईची मात्र अशी काळजी नाही. महिनाभर मांडायची, गाणी म्हणायची आणि कोजागिरीला वाटी लावायची.

आता जी गोष्ट मी मुलालाही सांगितली, ती सांगते. नात फौजी बघताच तोंडात घालायला निघाली. मी काढून घेतला तर रडली, मुलगाही म्हणाला, "असू दे गं आई, मी पण चावायचो." नाही म्हटलं. जुन्या खेळण्यांच्या रंगात शिसं असू शकतं आणि चिकट झालेल्या बाहुलीवर ते तेल आलेलं असतं. तुटका अंगठा घशात अडकू शकतो. आपल्या देशात खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची झाली ती १ जानेवारी २०२१ पासून. त्याआधीच्या खेळण्यांची अशी खात्री कोणी द्यावी? तोंडात घालायच्या वयाच्या पोरांना जुनं खेळणं लांबून दाखवायचं, खेळायला खूण असलेलं नवं द्यायचं. मोठ्या पोरांनी हाताळलं तरी नंतर हात धुवायचे. नातीला धरणगावच्या बाजारातून ट्रॅक्टर आणून दिला. ती दोन मिनिटांत फौजी विसरली. मला थोडं लागलं ते, पण ठीक आहे.

जाताना मुलाने विचारलं, "मी घेऊन जाऊ का?" त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, गच्चीच्या खाली, भट्टीसारखी तापते. मी म्हटलं, दोन ने, कपाटात खालच्या खणात ठेव, खिडकीत मांडू नको. बाकीचे आमच्या धाब्याच्या खोलीत आहेत. पेटीच्या झाकणाला आतून कागद चिकटवला आहे. कोणता फौजी कोणत्या आखाजीचा, कोणाची कडी कधी बदलली, सगळं लिहिलं आहे. वर्षं मला नीट आठवत नव्हती, मुलाने फोनवर सांगितली. पेटी वर्षातून दोनदा उघडते, एकदा दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की आणि एकदा आखाजीला.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीला ज्यांना जमेल त्यांनी आपल्या पेटीतली एखादी वस्तू घेऊन या. मी स्क्रू-ड्रायव्हर आणि उरलेल्या कड्या आणते. येताना वस्तू पिशवीत कोंबून, उन्हात सायकलच्या हँडलला लटकवून आणू नका, कापडात गुंडाळून आणा.