केबिनमधला दिवा

मूळ अभंग तुम्ही आत्ताच म्हटलात, तो पुन्हा म्हणत नाही. त्यातला अंतरीचा दिवा धरून बोलायचं आहे.

माउली, आपल्या दिंडीबरोबर पिकअप चालते. तुम्ही तिला सामानाची गाडी म्हणता, मी तिला दिंडीचं माजघर म्हणतो. मागे तंबू, पातेली, पिठाची पोती. पुढे केबिनमध्ये भिशीची वही, पैशाची पिशवी आणि औषधांचा डबा. सगळ्यांचा जीव त्या केबिनमध्ये. आणि नेमका तिथलाच दिवा गेलेला असतो!

शुक्रवार पेठेतून निघायच्या आदल्या संध्याकाळी मी ड्रायव्हरला म्हटलं, ‘‘बाळा, दार उघडलं तरी वरचा दिवा लागत नाही रे.’’ तो म्हणाला, ‘‘महाराज, हेडलाइट दोन्ही टकाटक आहेत. आतल्या दिव्याचं काय एवढं? मोबाईल आहे की.’’

ऐका हं, हे उत्तर त्याच्या एकट्याचं नाही. हेडलाइट गेला तर पोलीस अडवतो, समोरचा शिव्या देतो, म्हणून तो आपण दुरुस्त करतो. आतला गेला तर विचारणारं कोणी नाही. टिळा रोज ताजा, माळ धुतलेली, आणि आत? तिथं ‘काय एवढं?’

आता तिऱ्हे-मंगळवेढ्याच्या वाटेवरची रात्र डोळ्यांसमोर आणा. शुद्ध सप्तमी-अष्टमी. चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, त्यात आषाढाचे ढग. पहाटे तीनला दिंडी उठते, तेव्हा हाताला हात दिसत नाही. पासष्ट-सत्तरीची एखादी आजी गाडीपाशी येते, ‘‘लेका, माझी रक्तदाबाची गोळी दे रे.’’ पोरगा डब्यात हात घालतो. दोन पाकिटं, दोन्ही चंदेरी, हाताला सारखीच. मोबाईलचं चार्जिंग रात्रीच संपलेलं. आणि त्यातली एक साखर उतरवणारी! ती उपाशीपोटी चुकून गेली तर काय होतं? घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बरळतो, शुद्धही हरपते. हा दृष्टांत नाही माउली, हा व्यवहार आहे. एवढ्याशा बल्बापायी म्हातारीची वारी वाटेतच अडेल.

म्हणून मी त्याला खाली बसवलं आणि म्हटलं, आत्ता कर.

आधी बटण पाहायचं. वरच्या दिव्याला बहुधा तीन जागा असतात: बंद, कायम चालू, आणि दार उघडल्यावर चालू. कित्येकदा दिवा गेलेला नसतो, बटण बंदवर असतं. मग फ्यूज पाहायचा. दोन्ही ठीक, तर बल्ब. दिवा बंद करा, गरम असेल तर निवू द्या. चपट्या पेचकसाच्या टोकाला फडकं गुंडाळा आणि झाकण खाचेतून अलगद उचला. जोर केला की प्लास्टिकचा कान तुटतो. बहुतेक गाड्यांत आत बोटाच्या पेराएवढी काचेची नळी असते, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या, दोन पट्ट्यांच्या चिमट्यात धरलेली. काच काळवंडलेली, तार तुटलेली.

ही तार टंगस्टनची. ३,४२२ अंशांपर्यंत वितळत नाही, तरी पेटताना कणाकणानं उडते, काचेवर काजळी धरते आणि बारीक होत होत एक दिवस तुटते. आपल्या सोलापुरात मागावर ताण्याचा धागा तुटला तर विणकर गाठ मारून पुढे विणतो. इथं गाठ नाही. टिचकी मारली तर कधी टोकं चिकटतात, दिवा लागतो आणि पहिल्या खड्ड्याला जातो. स्मशानातून परतताना येतं ना वैराग्य, गल्लीच्या तोंडाशी संपणारं, तसं! ते धरून पंढरी गाठू नका.

नवीन आणायला जाताना जुना बल्ब बरोबर न्या. लांबी जुळली पाहिजे. पिकअपला बारा व्होल्टचा. मोठ्या ट्रकचा चोवीसचा बसवला तर नुसता मिणमिणतो. आणि बाराचा ट्रकला लावला तर लागताक्षणी जळतो. ज्याचा जेवढा अधिकार, तेवढंच साधन. एलईडी घेतला आणि लागला नाही, तर लगेच दुकानदाराशी भांडू नका. काढा, टोकं उलटी करून बसवा. दिवा चांगलाच असतो, तोंड फिरलेलं असतं.

आमच्या ड्रायव्हरला सगळं मिळून दहा मिनिटं लागली. दार उघडलं, उजेड पडला, तर सीटखाली मागच्या वारीतले हरवलेले टाळ सापडले! टाळकऱ्यांनी वर्षभर एकमेकांवर संशय घेतला होता.

एक सांभाळा. रात्री गाडी चालू असताना आतला दिवा लावू नका. समोरच्या काचेत आपलंच तोंड दिसतं, रस्ता दिसत नाही. असं आपलंच तोंड बघत गाडी हाकणारे पुष्कळ आहेत, नावं घेत नाही. आधी थांबा, मग लावा.

जादा दोन बल्ब कापसात गुंडाळून काडेपेटीत घाला आणि ती औषधांच्या डब्यातच ठेवा. डब्यावर ज्याचं त्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहा. आजच लिहा, उद्या पहाटे निघायचं आहे. चला, टाळ घ्या.