अवस एक, नावे दोन
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



बुढापाऱ्याच्या ज्या तलावाकाठी आपल्यापैकी अनेकांची बालपणे गेली, त्याला आज विवेकानंद सरोवर म्हणतात. १८७७ साली नरेंद्र नावाचा मुलगा बैलगाडीतून दाट अरण्ये ओलांडीत रायपूरला आला. वाटेत डोंगराच्या कपारीत मधमाश्यांचे एक प्रचंड पोळे पाहून तो देहभान विसरला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. सृष्टीच्या दर्शनाने ईश्वराचे स्मरण व्हावे, हा अनुभव केवळ महापुरुषांचाच नव्हे. सामान्य माणसाने तो सणांच्या रूपाने घरोघर जपला आहे.

छत्तीसगढचा पहिला सण हरेली. पेरणी-बियासीची धांदल सरत आली की शेतकरी नांगर, कुदळ, फावडे धुऊन त्यांची पूजा करतो आणि गुळाच्या चिल्याचा नैवेद्य दाखवितो. राऊत दारोदार कडुनिंबाची डहाळी खोवतो, लोहार चौकटीला खिळा ठोकतो आणि मुले बांबूच्या गेडीवर चढून चिखल तुडवितात. हा दिवस येथे सावनातील अमावास्येचा. आपल्या पंचांगात मात्र ती आषाढाची अमावास्या, म्हणजेच दिव्यांची अवस! उत्तरेकडील महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणून नाव निराळे, तिथी तीच. शेजारचा शेतकरी ज्या दिवशी नांगर धुतो, त्याच दिवशी आपल्या माजघरात समया आणि निरांजने घासली जातात. त्याने श्रमाचे साधन पुजावे, आपण प्रकाशाचे, कृतज्ञता एकच.

पुढच्या अमावास्येला पोळा. येथे मुलगे मातीचे नांदिया बैल ओढतात, मुली मातीचे जाते आणि चूल मांडतात, घरोघर ठेठरी-खुरमी होते. नागपूरकडची मंडळी दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा आठवतील. तीजेला लेकी माहेरी येतात, तीच आपली हरतालिका. श्रावणातील भोजलीचे अंकुर पाहून आपल्या नवरात्रातील घटाचे धान कोणाला आठवणार नाही? मात्र येथील माणूस त्या भोजलीची देवाणघेवाण करून जन्माची मैत्री जोडतो. रतनपूरला राहून १७५८ ते १७८७ या काळात कारभार करणाऱ्या बिंबाजी भोसल्यांनी दसऱ्याला सोने वाटण्याची चाल इकडे आणली, असे परंपरा सांगते. आपण दिले, तसे घ्यावयासही हवे.

हे केवळ आपल्याच भूमीत घडते असे नाही. दूर उत्तरेच्या फिनलंडमध्ये ग्रीष्माच्या मध्यावर, युहान्नुसच्या सणाला, घराच्या दाराशी भूर्जाची कोवळी झाडे उभी करतात. तेथे भूर्ज, येथे कडुनिंब. ऋतू पालटताना दाराशी हिरवी डहाळी असावी ही ओढ सर्वत्र सारखीच.

परंतु लोकश्रद्धेकडे डोळे मिटून पाहता येणार नाही. हरेलीच्या रात्री करणी-टोणहीचे भय बाळगले जाते. या भयापोटी असहाय स्त्रियांचा छळ होतो, म्हणूनच छत्तीसगढ शासनास २००५ मध्ये टोणही प्रताडना निवारण अधिनियम करावा लागला. महाराष्ट्रानेही २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. डहाळी ठेवावी, संशय टाकून द्यावा. ज्या दिव्यांची आपण पूजा करतो, त्यांचे कार्यच मुळी अंधार घालविण्याचे आहे.

आता आपल्या घरांविषयी. सरकारी नोकरीच्या बदल्यांत बिऱ्हाडे हलविताना कित्येकांच्या समया बासनात गेल्या. सदनिकांना अंगण उरले नाही. महाराष्ट्रातही या अवसेला अनेक जण केवळ खाण्यापिण्याच्या उधाणासाठी ओळखतात. आपली मुले शाळेतल्या सोबत्यांकडून हरेली ऐकतात, पण आपल्या घरी त्या दिवशी काय असते हे त्यांना सांगता येत नाही. परप्रांती भाषा टिकते ती शब्दकोशाने नव्हे. दिवा, कणीक, नैवेद्य, अंगारा हे शब्द हाताने वापरावे लागतात, तेव्हा ती टिकते.

म्हणून मंडळापुढे आमची एक सूचना आहे. दर वर्षी या अवसेला सभागृहात कणकेचे दिवे लावावेत. घराघरांतून आलेल्या समया मुलांनी स्वतः घासाव्यात. त्याच दारावर कडुनिंबाची डहाळी असावी, आणि परिसरातील छत्तीसगढी कुटुंबांना पंगतीला बोलवावे. खर्च थोडा, श्रम थोडे. पण त्यामुळे आपली मुले दोन घरांची वारस होतील. एक वाडवडिलांचे आणि दुसरे, ज्या मातीने आपल्याला अन्न दिले तिचे.