सांगलीच्या मांडवात आपले स्वागत

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर आणि गावोगावहून आलेल्या उद्योजक भगिनींनो,

कृष्णाकाठी, श्री गणपतीच्या या सांगलीत स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

घरातून थेट विक्री करणाऱ्यांनी लग्नाच्या प्रदर्शनांत व्यवसाय कसा वाढवावा, हा आपल्या परिषदेचा विषय. त्याला सांगलीसारखे दुसरे गाव नाही. वधूवरांना लागणारी हळद आमची. हरिपूरच्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या साठवलेली, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली. त्याच हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी ‘संगीत शारदा’ लिहून जरठ-बालाविवाहावर कोरडे ओढले. आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी मराठी रंगभूमीचा पहिला खेळ केला, तोही ‘सीतास्वयंवर’!

भाव्यांचे नाव आमच्या नाट्यमंदिराला आहे. पण त्यांची पुढची वाटचाल फार थोड्यांना आठवते. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले, राजाश्रय सुटला. भाव्यांनी मंडळी घेऊन मुलूख पालथा घातला आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. आश्रयदाता गेल्यावर अनोळखी माणसांपुढे उभे राहून त्यांनी आपल्या कलेचे मोल मागितले. प्रदर्शनातल्या स्टॉलवर उभी राहणारी प्रत्येक भगिनी मला त्यांच्या वाटेवरची वाटते.

तज्ज्ञ पुढे बोलतीलच. मी एवढेच म्हणेन की, लग्नघर विश्वासावर खरेदी करते. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. त्याआधीच्या प्रदर्शनांत त्या दिवसाच्या गल्ल्यापेक्षा ओळख मोठी माना. नवरीला वस्तू हाताळू द्या, तिच्या परवानगीने मुहूर्ताची तारीख आणि फोन नंबर टिपून घ्या, आणि वेळ ठरवूनच तिच्या घरी जा. २०२१ च्या थेट विक्री नियमांनीही ओळखपत्र आणि आधी ठरवलेली भेट सक्तीची केली आहे. थेट विक्रेता होण्यासाठी प्रवेश फी घेण्यासही त्यांनी कंपन्यांना मनाई केली आहे. ज्या घरात हळदीला तुमचा माल पोचला, त्या घरात डोहाळजेवणाला आणि बारशालाही तुम्हालाच बोलावणे येईल, असे वागा.

या कार्यासाठी मार्केट यार्डातील हळद व्यापाऱ्यांनी सढळ हाताने देणगी दिली. मंडपवाल्यांनी भाडे घेतले नाही, भांडी दुकानदारांनी स्वयंपाकाची भांडी दिली, बचत गटाच्या भगिनी पहाटेपासून चुलीपाशी आहेत, महाविद्यालयीन मुले स्थानकावर उभी आहेत. या सर्वांचे ऋण मोठे आहे. निवासाच्या खोल्या दोन ठिकाणी विभागल्या गेल्या, मंडपात उकाडा आहे, पंखे पुरेसे नाहीत. लहान मुले घेऊन आलेल्या भगिनींची विशेष गैरसोय झाली असेल. त्याबद्दल समितीच्या वतीने हात जोडून क्षमा मागतो. काहीही कमी पडले तर कार्यकर्त्यांना हक्काने सांगा.

अध्यक्ष महोदयांनी परिषदेची सूत्रे स्वीकारावीत, अशी विनंती करून मी पुन्हा एकवार आपणा सर्वांचे स्वागत करतो.