युरोपला जरूर जा, पण आधी सीनाकाठी जाऊन या

(शनिशिंगणापूर येथे परिसरातील तरुणांसमोर केलेले भाषण)



मघाशी चहा घेताना एका मुलाने मला मोबाइलवर बुडापेस्टचा व्हिडिओ दाखवला. डॅन्यूब नदी, तिच्यावरचे पूल, रात्रीचे दिवे. म्हणाला, "सर, आयुष्यात एकदा इथं जायचंय." मी म्हटलं, जरूर जा. आणि तिथे गेलास की गुलबाबांची मजारही बघ. बुडा १५४१ ते १६८६ उस्मानी तुर्कांच्या ताब्यात होतं. पुढे सत्ता गेली, बऱ्याच मशिदीही गेल्या. पण या सूफी बाबांची कबर राहिली आणि तुर्कांच्या काळातले काही हमाम आजही चालू आहेत. जगभरातून लोक ते बघायला येतात.

मग मी त्याला विचारलं, "नगरचा भुईकोट आतून बघितलास का?" तो गप्प बसला.

इथून नगर ३५-४० किलोमीटर. घोडेगावला हायवेला लागलं की तासाभरात सीना नदी. तिच्या काठी मलिक अहमदने १४९० च्या दशकात शहर वसवलं आणि ते १६०० पर्यंत निजामशाहीची राजधानी होतं. आता जिल्ह्याचं आणि शहराचं नाव अहिल्यानगर आहे. अहिल्यादेवी याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. त्यांच्याबद्दल आपल्याला आदरच आहे. पण पाटी बदलली म्हणून तिथला इतिहास वाचायचं आपण थांबवू नये.

हे मी आज इथे का बोलतोय? २०२५ च्या जूनमध्ये इथल्या देवस्थानने १६७ कर्मचारी कमी केले. त्यात ११४ मुस्लीम होते. कारण गैरहजेरीचं आणि शिस्तीचं सांगितलं गेलं. त्यावर वाद झाला, तो मी आज उकरत नाही. पण त्यानंतर तुमच्यातलेच काही मला विचारतात, "सर, या मातीत आपलं काय आहे?" या प्रश्नाचं उत्तर भाषणाने मिळत नाही. त्यासाठी नगरला जावं लागतं.

तिथे काय बघाल? पहिला तो किल्ला. १५९५-९६ मध्ये मुघल फौजेने वेढा घातला, तेव्हा चांदबीबीने तो लढवला. आपल्या मुलींनी तटावर उभं राहून ही गोष्ट ऐकावी. याच किल्ल्यात १९४२ ते १९४५ नेहरू, पटेल, मौलाना आझाद कैदेत होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथे लिहिलं, आझादांनी 'गुबार-ए-खातिर'ची पत्रं. त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम १९४३ मध्ये कलकत्त्यात वारल्या, तेव्हा आझाद या भिंतींच्या आत होते. देश आपला आहे की नाही, हा प्रश्न त्या माणसाला कधी पडला नाही. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, म्हणून ओळखपत्र सोबत ठेवा.

दुसरं, फराहबाग. मोठ्या हौदाच्या मधोमध बांधलेला महाल. सीनेला बारमाही पाणी नाही, म्हणून कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून खापरी नळांनी शहरात पाणी आणलं होतं. दुष्काळी तालुक्यातल्या पोरांनी हे नक्की समजून घ्यावं.

तिसरं, डोंगरावरची आठकोनी तीन मजली इमारत. सगळे तिला चांदबीबीचा महाल म्हणतात, पण ती आहे वजीर सलाबतखानाची कबर. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे विचारून बघा, गंमत येईल.

चौथं, शाहशरीफांचा दर्गा. मालोजीराजांनी या पीराच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं सांगतात. शिवरायांच्या वडिलांच्या नावाशी नगरचं हे नातं आहे.

एक सावधगिरीही सांगतो. "आपली बादशाही होती" म्हणत छाती फुगवायला तिथे जाऊ नका. त्या दरबारात कटकारस्थानं झाली, चांदबीबीला १६०० मध्ये तिच्याच माणसांनी मारलं. शिवाय निजामशाही एकट्या मुसलमानांची नव्हतीच. मलिक अहमदचे वडील मूळचे पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातले, फौजेत मराठे सरदार, आणि कारभार पुढे सांभाळला तो हबशी गुलाम म्हणून आलेल्या मलिक अंबरने. तो वारसा असा सगळ्यांचा आहे, आणि त्या सगळ्यांत आपणही आहोत.

म्हणून एक काम देतो. येत्या रविवारी एकट्याने जाऊ नका. गावातला एक हिंदू मित्र सोबत घ्या, बहिणींना घ्या, भाकरीचा डबा घ्या. परत आल्यावर जे पाहिलं ते मराठीत दोन पानं लिहून काढा आणि मला वाचायला द्या.

बुडापेस्टला जाल तेव्हा तिथे कुणीतरी विचारेलच, "तुमचं गाव कसं आहे?" तेव्हा सांगायला काहीतरी हवं ना!