आगाऊ भरलेल्या पैशाची परतीची वाट



कार्यक्रमपत्रिकेत ‘प्रीपेड कार्ड : स्वरूप आणि निवड’ असा भारदस्त विषय छापलेला असला, तरी ज्यांनी मला पूर्वी ऐकले आहे त्यांना ठाऊकच आहे की विषय कोणताही नेमून दिला तरी मी अखेरीस एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतो : दुसऱ्याच्या तिजोरीत गेलेला आपला पैसा परत कोणत्या वाटेने येतो? (हशा) आत्ताच हसून घ्या, पुढे आकडे आहेत.

डेबिट आणि क्रेडिट कार्डांतील भेद आपण जाणताच. प्रीपेड कार्डात रक्कम अगोदर भरायची आणि मग ती पुरेल तोवर खर्च करीत जायची; म्हणजे कार्ड देणाऱ्या संस्थेचे आपण धनको होतो, आणि तेही बिनव्याजी, कारण या शिलकेवर व्याज देण्याची रिझर्व्ह बँकेने मुभाच ठेवलेली नाही. संस्था बँक नसेल, तर जमा झालेली रक्कम तिला बँकेतील एस्क्रो खात्यात निराळी ठेवावी लागते. मात्र एखाद्या दुकानाने केवळ स्वतःच्याच मालासाठी दिलेले कार्ड या साऱ्या बंदोबस्ताच्या बाहेर राहते. त्यास रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही.

यावरून आमच्या विद्यार्थिदशेतील खानावळ आठवते. सदाशिव पेठेतल्या त्या मालकांनी महिन्याच्या कुपनांचे पुस्तक काढले होते. पैसे पहिल्या तारखेस रोख मोजायचे आणि जेवणागणिक एक कुपन फाडून द्यायचे. आमटीची कीर्ती सांगण्यासारखी नव्हती, पण रविवारच्या फीस्टला शिकरण असे, आणि त्या शिकरणीसाठी शनिवारी रात्री उपाशी राहून कुपन वाचविणारे महाभाग आमच्यात होते. (हशा) पुढे दिवाळीच्या सुटीहून परतलो, तो मालक बिऱ्हाडासह अंतर्धान पावलेले आणि जागेत सायकलचे दुकान थाटलेले! आमच्यातील एका कायद्याच्या विद्यार्थ्याने नव्या भाडेकऱ्यासमोर कुपने ठेवून, जागेबरोबर जागेची देणीही आपल्याकडे आली असल्याने जेवणाऐवजी तितके तास सायकल द्यावी, असा युक्तिवाद अर्धा तास केला. शेवटी त्या सद्गृहस्थांनी त्याला फुकट हवा भरून दिली. (प्रचंड हशा) वास्तविक त्याच्याजवळ सायकलही नव्हती, ती माझी होती.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले. येतो मुद्द्यावर.

रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांप्रमाणे, त्रोटक ओळखीवर मिळणाऱ्या कार्डात १०,००० रुपयांपर्यंतच शिल्लक ठेवता येते. तिच्यातून खरेदी करावी, परंतु रोख काढता येत नाही की दुसऱ्यास पाठविता येत नाही. संपूर्ण केवायसी दिली की मर्यादा २,००,००० पर्यंत जाते आणि हे दोन्ही दरवाजे उघडतात. केवायसीची कटकट नको म्हणून पहिल्या प्रकाराकडे धावणाऱ्यांनी, आपण कटकट टाळीत आहोत की बाहेर पडण्याचा दरवाजा बुजवीत आहोत, याचा विचार करावा. भेटकार्डाची कमाल १०,००० रुपये. त्यात पुन्हा भरणा नाही आणि रोखही निघत नाही. लग्नात ते देण्यापेक्षा पाकीट बरे, हे माझे मत घरात कोणासही मान्य नाही.

पहिल्या रांगेतून विचारणा आली की, निव्वळ बस-मेट्रोसाठी काढलेल्या कार्डातूनही पैसे परत मिळत नसताना मी त्याची तरफदारी कशी करतो? प्रश्न रास्त आहे, आणि मी कार्डांचा शत्रू नाही हे सांगण्याची संधी दिल्याबद्दल आभार! त्या कार्डात ३,००० रुपयांहून अधिक शिल्लक ठेवताच येत नाही. रोज प्रवास करणाऱ्याचे पैसे प्रवासातच फिटतात; त्याने परतीच्या वाटेची चिंता का करावी? जो वर्षातून दोनदा मेट्रोत बसतो, त्याने तिकीट काढावे.

(घंटा) शुल्काचे प्रकरण राहिले. कार्ड काढताना, भरणा करताना आणि ते बंद करताना काय कापले जाते, ते पत्रकात वाचून मगच सही करा. मुदतीचे मात्र सांगतोच. शेवटच्या भरण्यापासून किमान एक वर्षाची मुदत द्यावीच लागते, आणि ती टळली म्हणून शिल्लक बुडत नाही : निदान तीन वर्षे संस्थेला ती आपल्या नफ्यात जमा धरता येत नाही, आणि त्यानंतरही धारकाने मागणी केल्यास रक्कम त्याच्या बँकखात्यात द्यावी लागते. तेव्हा कपाटात जुनी कार्डे पडली असतील, तर अर्ज करा, लेखी करा, आणि पोच घ्या. परदेशी चलनाच्या कार्डाविषयीच्या चिठ्ठ्या चिटणिसांकडे द्याव्यात. अध्यक्ष उभे राहिले आहेत.