साताऱ्याची पायपीट आणि हिंगण्याची वाट



आत्मबल हा शब्द उच्चारताच रणांगण, तुरुंग, हौतात्म्य असे प्रखर प्रसंग डोळ्यांपुढे येतात. परंतु आत्मबलाचे एक शांत रूपही असते. ते पाहायचे असेल तर धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्राकडे वळावे लागते.

कोकणातील मुरूड गावचा हा सतरा वर्षांचा मुलगा सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी सोबत्यांसह साताऱ्यास निघाला. शंभर मैलांहून अधिक अंतर, पावसाचे दिवस, मध्ये कुंभार्ली घाट. सारी वाट पायी तुडवून तो पोहोचला आणि परीक्षासमितीने त्याला परत पाठविले. कारण काय? तर शरीरयष्टी लहान; हा सतरा वर्षांचा वाटत नाही! अभ्यासात उणे नव्हते, श्रमात उणे नव्हते. तरीही दार बंद झाले. अशा क्षणी मनुष्य नशिबाला दोष देऊन घरी बसतो. धोंडो मात्र पुढे कोल्हापुरास जाऊन तीच परीक्षा उत्तीर्ण झाला. मॅट्रिक होताना त्याचे वय तेवीस होते. उशीर म्हणजे पराभव नव्हे, हे त्याने कोणतेही भाषण न करता सिद्ध केले.

पुढची परीक्षा अधिक कठीण होती. प्रथम पत्नीच्या निधनानंतर १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरूडच्या ग्रामस्थांनी बहिष्कार घातला. त्याची झळ वृद्ध मातेला आणि भावालाही पोहोचली. स्वतः दुःख सोसणे एक वेळ सोपे. आपल्या निर्णयामुळे आप्तांना सोसावे लागते, तेव्हा निष्ठेचा खरा कस लागतो. कर्व्यांनी समाजावर राग धरला नाही आणि कार्यही सोडले नाही. १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली आश्रम गावाबाहेर हिंगण्याला गेला. तेथे होती ती एक साधी झोपडी. फर्ग्युसन महाविद्यालयात दिवसभर गणित शिकवायचे आणि मग पायी हिंगण्याची वाट धरायची, असा त्यांचा क्रम होता. अंधार, चिखल, पाऊस यांनी तो मोडला नाही. गोदूबाईंनीही, म्हणजे आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांनी, ठिकठिकाणी फिरून आश्रमासाठी निधी जमविला. त्या झोपडीतूनच पुढे १९१६ चे महिला विद्यापीठ उभे राहिले.

कर्वे फर्डे वक्ते नव्हते. स्वभावाने भिडस्तच होते. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ग्रामीण प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी मंडळ स्थापन केले आणि निधीसाठी ते दारोदार हिंडले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, 'भारतरत्न' त्यांच्याकडे चालत आले. पण ते त्या दिशेने कधीच चालले नव्हते.

आज घराघरांत निकालाच्या दिवशी मुलांचे चेहरे काळवंडतात. दोन-चार गुण कमी पडले की आयुष्यच संपल्यासारखे वाटते. अशा वेळी आई-वडिलांनी मुलाला जवळ घेऊन साताऱ्याच्या त्या पायपिटीची कथा सांगावी. ज्या दारातून धोंडो परत फिरला, ते दार त्याच्या आयुष्यातले शेवटचे नव्हते. कार्यकर्त्यांनीही स्मरण ठेवावे की, कार्य सभेतील टाळ्यांनी वाढत नाही. ते रोजच्या चार मैलांनी वाढते.

साताऱ्याच्या वाटेने सहनशक्ती दिली, हिंगण्याच्या वाटेने तिला ध्येय दिले. पाय तेच होते. पहिली वाट स्वतःसाठी होती, दुसरी इतरांसाठी. या दोन वाटांमधील अंतर कापणे यालाच पुरुषार्थ म्हणतात.