बापाचे निवृत्तिवेतन, मुलाचा पगार
(म्हैसूर येथील भाषणाचा मजकूर)



म्हैसूरच्या यादवगिरीत आयडियल जावा कंपनीच्या कारखान्यात जावा आणि पुढे येझ्दी मोटारसायकली तयार होत असत. 1996 साली हा कारखाना बंद पडला. 2018 मध्ये जावा हे नाव बाजारात पुन्हा आले. परंतु ती गाडी मध्य प्रदेशात, पीथमपूरला तयार होऊ लागली. नावाला किंमत आली, नाव कमावणारा कामगार मात्र हिशेबात नव्हता.

कारखाना बंद होण्याच्या थोडेच आधी, 16 नोव्हेंबर 1995 रोजी, कर्मचारी निवृत्तिवेतन योजना अमलात आली होती. तिचे सूत्र असे: वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. पण प्रत्यक्ष वेतन कितीही असो, सर्वसाधारणपणे हिशेबात धरतात ते सरकारी मर्यादेपर्यंतच. 2001 पासून ही मर्यादा 6,500 रुपये होती, सप्टेंबर 2014 पासून 15,000 झाली. सबंध पस्तीस वर्षांची सेवा या वाढीव मर्यादेने मोजली, तरी हाती साडेसात हजारांच्या आसपासच पडतात. 1995 पूर्वीच्या नोकरीला तर हे सूत्रही नाही. तिच्यापोटी ठरावीक, किरकोळ रक्कम. ज्याची उमेद 1996 पूर्वीच्या यंत्रशाळेत खर्ची पडली, त्याच्या पदरात काय पडणार हे कोष्टक न मांडताही कळते. 2014 मध्ये किमान 1,000 रुपयांची हमी देण्यात आली. तिला महागाई भत्त्याची जोड नाही.

आता मुलाकडे वळू. याच शहरात हेब्बाळला इन्फोसिसचे तीनशेहून अधिक एकरांचे प्रशिक्षण केंद्र आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये तेथील तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत अनुत्तीर्ण ठरवून घरी पाठवण्यात आले. त्यांतील अनेकांनी नेमणुकीचे पत्र हाती असताना दोन-दोन वर्षे वाट पाहिली होती. ते नियमित कामगार नव्हेत, म्हणून याला 'कपात' म्हणता येत नाही, असा युक्तिवाद झाला! नवख्या अभियंत्याचा पगार दहा-बारा वर्षे वर्षाला तीन ते साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळत राहिला. 2023-24 या वर्षी कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे वेतन 66 कोटींहून अधिक होते, म्हणजे अठराशे पटीहून अधिक.

अशा घरात बापाची औषधे आणि मुलाच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता एकाच पगारातून भागवावे लागतात, आणि भांडण बाप-लेकांत जुंपते. म्हाताऱ्यांच्या पेन्शनीपायी तरुणांना काही उरत नाही, असे सांगणाऱ्या अर्थपंडितांना हे भांडण फार आवडते. वस्तुस्थिती काय? या योजनेत मालकाचा वाटा वेतनाच्या 8.33 टक्के; पण मर्यादेमुळे तो माणशी दरमहा 1,250 रुपयांवर जातच नाही. शिवाय सप्टेंबर 2014 नंतर पहिल्याच नोकरीत ज्याचे मूळ वेतन 15,000 च्या वर असेल, त्याला या योजनेत प्रवेशच नाही. बापाकडून काढून मुलाला दिलेले नाही. बापाला मिळाले तेवढेही मुलाला मिळू दिलेले नाही.

किमान निवृत्तिवेतन 7,500 रुपये करावे, या मागणीसाठी वृद्ध निवृत्तांची चळवळ बुलढाण्याहून चालते. म्हैसूरच्या प्रशिक्षणार्थींची तक्रार नेली ती पुण्याच्या 'नायटेस' या संघटनेने. एक संघटना बापांची, दुसरी मुलांची; दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. निवेदने मात्र दोन्ही जातात दिल्लीच्या एकाच श्रम मंत्रालयात.